एकवीस तारखेची टोपली

तोडणीचा हंगाम तोंडावर आला की कारागिराच्या घरात कोणाला मान वर करायची सवड नसायची. संत्र्यांच्या बागेला दर हंगामात चारशे टोपल्या लागत आणि त्या सगळ्या ह्याच घरातून जात. लोक म्हणत, टोपली घ्यावी तर कारागिराची, बाकीच्यांच्या नुसत्या बांबूच्या जुड्या. आता खरं सांगायचं तर त्या चारशेतल्या अडीचशे त्याच्या बायकोनं विणलेल्या असत. पण नाव नवऱ्याचं. ह्यात नवल ते काय?

बायकोला सगळे डावरी म्हणत, कारण ती सगळं डाव्या हातानं करायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिचा डावा हात सुतळीनं कंबरेला बांधला होता आणि उजव्या हातानं विणायला बसवलं होतं. आठ दिवसांत आठ टोपल्या झाल्या. आठही अशा, की कोंबडीसुद्धा त्यात बसायला लाजली असती. नवव्या दिवशी सासूनं सुतळी सोडली.

"विण बाई तुझ्या हातानं. मी थकले."

संध्याकाळी सासूनं तिची टोपली ओढून पाहिली, गुडघ्याखाली दाबून पाहिली, त्यात पाणी ओतून किती वेळानं गळतं तेही पाहिलं. मग म्हणाली, "उलटी आहे. पण घट्ट आहे."

उलटी म्हणजे काय, तर विणता विणता बांबूची कामटी संपते, तेव्हा तिचं शेपूट विणीत खोचून टाकावं लागतं. उजव्या हाताच्या माणसानं खोचलेली शेपटं सगळी उजवीकडे वळलेली असतात, डावरीची सगळी डावीकडे. संत्र्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही. पण हे काम जाणणाऱ्यानं टोपली नुसती हातात घेतली की विणणारा कोण ते कळतं.

त्या हंगामात बागेच्या मुकादमानं घोळ घातला. वीस तारखेला गोदामात चार माणसांदेखत तो कारागिराला म्हणाला, "यंदा डावरीच्या हातच्या जास्त पाठव रे. तुझ्या दोन हंगामांत काठाला सुटतात, तिच्या चार हंगाम हलत नाहीत." बिचारा खरं बोलला. माणसं हसली, कारागीरही हसला. पण घरी आला तो जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डावरी खिडकीजवळच्या आपल्या पाटावर बसून विणत होती. टोपलीचं बूड झालं होतं, भिंत निम्म्यावर आली होती. कामट्या ओल्या, नुकत्याच हौदातून काढलेल्या. कारागीर बांबू फोडायची लाकडी मोगरी हातात घेऊन आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कोणता हात गं तुझा? ज्याचं एवढं कौतुक चाललंय तो?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. तिनं हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. त्यानंच मनगट धरून तो हात पाटावर दाबला आणि मोगरी हाणली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"आता विण."

सासू पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. तिनं बादली खाली ठेवली नाही की तोंडातून शब्द काढला नाही. तशीच मागं वळली.

आणि मग कारागिरानं काय करावं? डावरी भिंतीला टेकून हात छातीशी धरून कळवळत होती, आणि हा तिच्या पाटावर बसला. अर्धी टोपली पुढ्यात ओढली आणि विणायला लागला. राग होता, पण ओली कामटी वाया घालवायची नाही हे त्या घराच्या हाडात मुरलेलं होतं. कामटी ओली असते तोवरच वळते, वाळली की कडकन मोडते. त्यानं टोपली पूर्ण केली, काठ बांधला आणि अंगणातल्या ढिगावर फेकली. संध्याकाळी बागेची गाडी नेहमीप्रमाणे आली आणि ढीग घेऊन गेली.

दवाखाना कसला आणि काय! सासूनं बांबूच्या चार पट्ट्या लावून फडक्यानं हात बांधला आणि कानाशी म्हणाली, "माळ्यावर चढताना शिडीवरून पडलीस. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दहा दिवस डावरीनं एका हातानं केर काढला, एका हातानं पाणी भरलं. बोटं वांग्यासारखी काळीनिळी झाली होती. सगळ्यात अवघड म्हणजे वेणी. एका हातानं वेणी घालता येत नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. रोज सकाळी सासू तिला पुढ्यात बसवायची, मुकाट्यानं केस विंचरायची आणि वेणी इतकी करकचून घालायची की डोळ्यांत पाणी यावं. बोलणार काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

अकराव्या दिवशी कारागिरानं तिचं कपड्यांचं बोचकं अंगणात टाकलं. "हात गेलेली बाई घेऊन मी काय करू? जा भावाकडे." आणि आतून कडी लावली. शेजारच्या दोन घरांतल्या बायका कुंपणाशी उभ्या होत्या. डावरीनं बोचकं उचललं, तर गाठ सुटून सगळं मातीत पडलं. एका हातानं गाठही मारता येईना. शेवटी दातांनी फडकं धरून गाठ मारली आणि चालू लागली. असलं जिणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

ती भावाकडे गेली नाही. वाटेत आरोग्य केंद्र लागलं, तिथं शिरली.

नर्सबाईनं फडकं सोडलं आणि विचारलं, "कसं झालं?"

"पडले. शिडीवरून."

"पडताना माणूस हात टेकतो. तळव्याला लागतं, मनगटाला लागतं. बोटांच्या पाठीवर पडलीस कशी?" नर्सबाई वर न बघता म्हणाली. "मी अजून काही लिहिलेलं नाही. पेन हातात आहे. सांग."

डावरीनं तो हात नर्सबाईच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मोगरीनं. माझ्या नवऱ्यानं." आणि एकदा बांध फुटल्यावर वीस तारखेपासूनचं सगळं सांगितलं. नर्सबाईनं एकेक शब्द लिहिला, डॉक्टरला दाखवला, सही घेतली आणि फोन लावला.

तासाभरानं संरक्षण अधिकारी आली. असा छळ झालेल्या बायकांसाठी सरकारनं नेमलेली बाई. ठेंगणी, धापा टाकणारी, स्कूटरवरून आलेली. तिनं आधी पाणी मागितलं, मग कागद काढला.

"बोल. काय पाहिजे तुला?"

हा प्रश्न डावरीला कोणी कधी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, "मला काय पाहिजे असणार? घर त्याचं आहे."

"घर कोणाचं ते मी विचारलं नाही. तू त्यात राहत होतीस ना? संसार केलास ना? मग तुला बाहेर काढायचा हक्क त्याला नाही. घर त्याच्या नावावर असो, नाहीतर त्याच्या आजोबांच्या."

"असं असतं?"

"असं असतं. आता नीट ऐक. हात मोडला तो गुन्हा, त्याची तक्रार पोलिसांत. ती मारहाणीची केस वेगळी चालेल. आणि तुला संरक्षण पाहिजे, राहायला जागा पाहिजे, त्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे. तो मी लिहिते. वकील फुकट मिळेल. तोवर राहायला आधारगृह आहे. समजलं?"

"सगळं नाही समजलं."

"मलाही पहिल्या वर्षी समजलं नव्हतं. काय पाहिजे ते सांग."

डावरी म्हणाली, "माझी जागा. खिडकीजवळची. तिथं उजवीकडून उजेड येतो, म्हणून डाव्या हाताची सावली विणीवर पडत नाही. दुसरीकडे मला विणता येत नाही."

अधिकारीबाईनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. अर्ज कोर्टात गेला, आणि कोर्टाची नोटीस घेऊन शिपाई कारागिराच्या दारी गेला.

कारागिरानंही वकील लावला. त्याचं म्हणणं कोर्टात आलं ते असं, की एकवीस तारखेला तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाजारगावी गेला होता. बायको सकाळीच कोणी न सांगता माळ्यावर चढली आणि पडली. त्या दिवशी तिनं कामाला हातही लावला नव्हता. पुढं स्वतःच्या मर्जीनं घर सोडून गेली. साक्षीदार, त्याची आई. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या!

डावरीची वकीलबाई तरुण होती, पण बोलायची सरळ. "डॉक्टर म्हणतात हात मारानं मोडला असावा. पण मारणारा कोण, हे हाड सांगत नाही. तो घरीच नव्हता म्हणतो. घरात तिघं होती. तू एक, ते दोघं. चौथं कोणी आहे का?"

चौथं कोणी नव्हतं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा दोन बोटं वाकत नव्हती. बसून राहणं डावरीला जमेना. आधारगृहातल्या बाईनं तिला बागेच्या छपरात फळं निवडायचं काम मिळवून दिलं. दिवसभर ओट्याशी उभं राहायचं, चांगलं संत्रं इकडे, डागी संत्रं तिकडे. उजवा हात. पायांना गोळे यायचे, बोटांना सालीच्या रसाची आग व्हायची. ओट्यावर येणारी एकेक टोपली मात्र ती ओळखायची. ही माझी. ही त्याची. ही माझी. माहेरचं माणूस भेटावं तसं वाटायचं तिला. रिकामी झालेली टोपली ती उगाचच एकदा कुरवाळून बाजूला ठेवायची.

चौथ्या दिवशी एक टोपली आली. डावरीनं ती रिकामी केली, सवयीनं भिंतीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा अडला. खाली शेपटं डावीकडे. मध्यावर एक ओळ, आणि तिथून वर काठापर्यंत सगळी उजवीकडे. तिनं टोपली पालथी केली. बागेची रीत होती, टोपली गाडीतून उतरली की मुकादम बुडावर काळ्या शाईनं त्या दिवसाची पुरी तारीख आणि खाली कारागिराचं नाव टाकायचा, म्हणजे कोणाची टोपली किती हंगाम टिकली ते कळतं. बुडावर लिहिलं होतं एकवीस, महिना तोच, वर्ष यंदाचं.

ती टोपली पोटाशी धरून खाली बसली. "अगं आई गं," एवढंच म्हणाली. हाच चौथा साक्षीदार.

मुकादम धावत आला. "काय झालं? साप आहे का आत?"

"मुकादम, ही टोपली मला द्या."

"अशी कशी देऊ? बागेची मालमत्ता आहे. उद्या तू म्हणशील झाड द्या."

"मग कोणाला देऊ नका. तुमच्या खुर्चीखाली ठेवा. माझी शपथ आहे."

मुकादमानं तिच्या हाताकडे पाहिलं. गोदामात आपण काय बोललो होतो आणि त्याचं काय झालं, हे तोवर त्याच्या कानावर आलं होतं. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं टोपली खुर्चीखाली ठेवली, वकीलबाईला फोन लावायला आपला मोबाइल डावरीच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीवर बसला, तो पोलीस येईपर्यंत उठला नाही. पंचनामा झाला, टोपली कापडात बांधून तिच्यावर लाखेची मोहर लागली. मुकादमानं सही करताना तीन वेळा विचारलं, "टोपली परत मिळेल ना?"

कोर्टाची खोली लहान होती आणि पंखा कुरकुरत होता. आधी मुकादमाची साक्ष झाली. गाडी रोज संध्याकाळी जाते, त्या दिवशी झालेला माल त्याच दिवशी उचलते, ओली टोपली घरी रचून ठेवली तर बुरशी धरते, तारीख माझ्याच हातची. एवढं सांगून त्यानं घाम पुसला.

मग सासू उभी राहिली. तिची नजर आधी सुनेच्या डोक्यावर गेली. डावरीचे केस मागं कसेतरी दोरीनं बांधलेले होते. सासूनं नजर काढून घेतली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मुलगा सकाळीच बाजारगावी गेला. सून सकाळीच शिडीवरून पडली. त्या दिवशी तिनं कामाला हात लावला नाही.

वकीलबाई उठली. तिनं कापड सोडून टोपली म्हातारीच्या हातात दिली. "आजी, ही कोणाच्या हातची?"

म्हातारीनं टोपली घेतली. आणि कोर्ट, वकील, मुलगा सगळं विसरून तिनं ती नेहमीसारखी फिरवली, ओढून पाहिली, अंगठा भिंतीवरून नेला. अंगठा मध्यावर थांबला.

"आजी?"

"बूड सुनेचं," म्हातारी म्हणाली. "अर्धी भिंतही सुनेची. वरचं माझ्या पोराचं."

कारागिराचा वकील ताडकन उठला. "साहेब, ह्यात काय मोठंसं? सुनेनं आदल्या दिवशी अर्धी करून ठेवली असेल. मुलानं एकवीसला संध्याकाळी परत येऊन गाडीआधी पूर्ण केली असेल!"

म्हातारी त्याच्याकडे वळली. त्या वेळी तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. कोणी तिला खोटारडी म्हटलं असतं तर ती गप्प बसली असती, पण हे तिच्या कामाबद्दल होतं.

"वकीलसाहेब, टोपली कधी विणली आहे का? विणली नसेल तर तिच्याबद्दल बोलू नये. अर्धी टोपली तासभर जरी पडली तर वरच्या कामट्या वाळतात, पुढची ओळ बसवायला गेलं की मोडतात, जोड सैल पडतो. हा जोड बघा. नख घाला. जातंय का नख? पन्नास वर्षं विणतेय मी. ही एका बैठकीतली टोपली आहे. एक उठला आणि कामटी ओली असतानाच दुसरा बसला."

मॅजिस्ट्रेटनं चष्मा काढला. टोपली मागवून घेतली, स्वतः नख घालून पाहिलं, मग बुडावरची तारीख वाचली.

"आजी, गाडी संध्याकाळी टोपली घेऊन गेली. म्हणजे त्या दिवशी सून विणत होती. आणि ती उठली तेव्हा तुमचा मुलगा घरात होता."

म्हातारीनं कठडा धरला. तिकडून कारागीर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई!"

"होता," म्हातारी म्हणाली. "ती उठली नाही, साहेब. तिला उठवलं. मोगरीनं. मी दारात होते, हातात पाण्याची बादली होती. ती बादली मी तेव्हाच त्याच्या डोक्यात घालायला हवी होती." आणि तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली. डावरीही रडली. वकीलबाईनं मात्र रडं आवरलं, कारण तिला अजून बोलायचं होतं.

आदेश आठ दिवसांनी झाला. नवऱ्यानं तिच्यावर हात उगारायचा नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी फिरकायचं नाही. घरातून त्यानं बाहेर पडायचं, तिनं राहायचं. औषधपाण्याचा खर्च त्यानं द्यायचा. आदेश मोडला तर तो वेगळा गुन्हा, पोलीस थेट धरतील. मारहाणीची केस पुढं चालणार होती, आणि ज्या टोपलीनं इथं साक्ष दिली ती तिथंही देणार होती. डावरीनं वकीलबाईला आदेश दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना 'ती राहील' हे शब्द आले तशी ती मोठ्यानं हसली. शिपायानं "शांतता!" म्हटलं, तर म्हणाली, "आता काय शांतता दादा, अकरा वर्षं शांतताच होती!"

संध्याकाळी अधिकारीबाई आणि हवालदार तिला घेऊन घरी आले. कारागीर बोचकं घेऊन अंगणात उभा होता. कुंपणाशी त्याच दोन बायका होत्या. बोचक्याची गाठ त्याचीही सुटली, पण त्याला दोन हात होते, त्यानं मारली आणि गेला.

आत तिचा पाट अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवलेला होता. डावरीनं तो पायानं ढकलत खिडकीशी आणला. मग तिचं लक्ष हौदाकडे गेलं. हौदात कामट्या भिजत होत्या, चांगल्या मऊ झालेल्या.

"कधी भिजवल्यात?"

"सकाळी," सासू म्हणाली.

"सकाळी निकाल कुठं लागला होता?"

"कामट्या भिजायला वेळ लागतो." सासू तिच्यामागं येऊन बसली, केसांची दोरी सोडली आणि फणी घातली. ह्या वेळी हात हलका होता. "चुकले गं मी. फार चुकले."

"हो, चुकलात," डावरी म्हणाली. "लवकर विसरणार नाही मी ते. वेणी घाला, कामट्या वाळतील."

तिसऱ्या दिवशी कारागीर फाटकाशी येऊन हाका मारायला लागला. डावरी उठली नाही. सासूनंच अधिकारीबाईला फोन लावला, आणि अर्ध्या तासात हवालदारानं त्याला गाडीत बसवलं. कुंपणापलीकडची एक बाई त्याच संध्याकाळी हळूच आली आणि तिनं तो नंबर मागितला. डावरीनं कारण विचारलं नाही. नंबर दिला आणि म्हणाली, "एकटी जाऊ नकोस. मी येते बरोबर."

दोन बोटं शेवटपर्यंत वाकली नाहीत. पूर्वी दिवसाला चार टोपल्या व्हायच्या, आता तीन दिवस टोपली निम्म्यावरच वाळून वाया गेली, चौथ्या दिवशी एका बैठकीत पहिली पूर्ण झाली. ओळ घट्ट बसेना तेव्हा तिनं ती सहा वेळा उसवली. सासूनं "काठ मी बांधू का?" म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. पाचव्या दिवशी गाडीची वाट न बघता ती टोपली डोक्यावर घेऊन स्वतः गोदामात गेली.

मुकादमानं टोपली हातात घेतली. अंगठा फिरवला. बुडापासून काठापर्यंत सगळी शेपटं डावीकडे. त्यानं टोपली पालथी केली आणि शाईचा कुंचला उचलला.

"तारीख नीट लिहा मुकादम," डावरी म्हणाली. "लांबून दिसेल अशी."

मुकादमानं तारीख टाकली, अख्खं बूड व्यापेल एवढी मोठी. मग जरा थांबला, आणि ज्या जागी इतकी वर्षं तो कारागिराचं नाव टाकायचा, तिथं त्यानं लिहिलं, डावरी.